दगड ऐकून घेतो

फरशी काळी, गुळगुळीत, पोत्यात गुंडाळून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ठिणगीनं पोत्याचं टोक उचलून पाहिलं ते सहज, हात रिकामा होता म्हणून. पाहिलं, वाचलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

वर ठसठशीत अक्षरांत आजोबांचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. त्याखाली लिहिलं होतं, 'यांनी स्वकष्टाने हा बांध उभारला.' आणि पार तळाशी, डोळे बारीक करून वाचावं लागेल इतक्या किरट्या अक्षरांत, 'त्यांना आयुष्यभर साथ देणाऱ्या पत्नीच्या स्मरणार्थ.'

स्मरण पत्नीचं, आणि फरशीवर तिचं नावच नाही.

ठिणगीनं पोतं पुन्हा नीट झाकलं. एखाद्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसं झाकलं, कारण त्या क्षणी हातांना काहीतरी हळू काम देणं भाग होतं. गोठ्यातली म्हातारी गाय मान वळवून तिच्याकडे बघत होती. आजी गेल्यापासून ती कुणीही आत आलं की अशीच बघायची, आणि मग पुन्हा भिंतीकडे तोंड करायची.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. शहरात ती बस चालवते, तिथं छातीवरच्या बिल्ल्यावर तिचं खरं नाव आहे. ठिणगी हे आजीनं ठेवलेलं. आईबाप दोघं लांबच्या गिरणीत पाळीवर जायचे, म्हणून पोर आजीच्या पदरात टाकलेली. पोर कसली, गवताच्या गंजीशेजारी ठेवलेला निखाराच. दूध गार झालं, भडकली. कोंबडीनं हातातलं ओढलं, भडकली. आजी म्हणायची, "माझी ठिणगी गं ती. विझवू नका कुणी, चूल पेटवायला लागेल पुढं." आणि सायीची वाटी पालथ्या भांड्याखाली झाकून ठेवायची, काकांच्या मुलांच्या हाती लागू नये म्हणून. रात्री पोरीचे गार पाय स्वतःच्या पोटाशी धरून झोपायची. आजीचे तळवे इतके खरखरीत की पाठीवरून हात फिरवला तर स्वेटरचे धागे त्यात अडकायचे. त्या अडकण्याचीच सवय झालेली. दुसऱ्या कुणाचा मऊ हात पाठीवर आला की पोरीला तो खोटा वाटायचा.

ज्याच्यासाठी आज ही फरशी आणली होती तो बांध अंगणातूनही दिसत होता. शेताच्या कडेनं, रस्त्याला लागून, माणसाच्या छातीइतका उंच. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. त्या शेताला दगडांचं पीक यायचं. दर नांगरटीला जमिनीतून नवे दगड वर यायचे, जणू खाली कुणी पेरून ठेवले होते. बाकीचे शेतकरी दगड वेचून ओढ्यात टाकायचे. ह्या घरात ते वेचायची आजी, आणि ती ते टाकायची नाही.

तिची एक रीत होती. राग आला की ती बोलायची नाही. हातातलं काम ठेवायची, ओल्या हातांनीच शेतात जायची, आणि रागाच्या मापाचा दगड शोधायची. बारीकसारीक राग असला तर मुठीएवढा. जिव्हारी लागलं असेल तर दोन्ही हातांनी पोटाशी धरून, वाकत, थांबत आणावा लागेल एवढा. तो बांधावर बसवायचा, हलतो का बघायचा, आणि त्यावर तळहात आपटून त्याला सगळं सांगायचं. कोण काय बोललं, कुणी काय केलं. मग पदराला हात पुसून घरी यायचं आणि उरलेली भांडी घासायची. दगडाला सांगितलं की माणसाला सांगायचं नाही, हा नियम. पोर मागं मागं जायची. आजी दगड उचलताना गुणगुणायची, दम लागला की अर्ध्यावर सोडायची :

सांगते दगडाला, दगड ऐकून घेतो,
माणसाला सांगावं तर, माणूस उठून जातो.

पोरीलाही तिनं तेच शिकवलं. "राग आला? मग उचल दगड." बांधाच्या खालच्या फटींतून चिमुकले गोटे खोचलेले आहेत ते ठिणगीचे. सायीसाठीचे, कोंबडीवरचे, आई न्यायला आली नाही त्या दिवसांचे. ते दिवसच जास्त.

पुढं ती शहरात गेली. शहरात दगड कुठले? डांबर सगळीकडं. म्हणून तिला तोंड वापरायला शिकावं लागलं. डेपोत तिला उर्मट म्हणतात. म्हणोत बापडे.

आजोबा आधीच गेले होते, ठिणगीचे वडीलही. आजी गेली ती ह्या थंडीत. काकांनी आजच्या रविवारी नातेवाईक आणि शेजारीपाजारी बोलावले होते, आईची आठवण काढायला. अंगणात खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं मोठं पातेलं. आधी भाषणं, मग सगळ्यांनी बांधापर्यंत चालत जायचं आणि काका फरशी उघडणार. तिथं गवंडी सकाळपासूनच कामाला लागला होता. रस्त्यावरून गाडी थेट आत यावी म्हणून काकांना बांध फोडून फाटक करायचं होतं, आणि फाटकाशेजारी ही फरशी बसवायची होती. एका फटक्यात दोन कामं. काकांना कामं अशी जोडून करायला आवडायचं. रिकामा हेलपाटा त्यांनी जन्मात मारला नाही.

ठिणगी खुर्चीत येऊन बसली तेव्हा निवृत्त मास्तर बोलत होते. गळ्याभोवती मफलर, हातात चष्मा. माउलीनं कधी आवाज चढवला नाही, म्हणाले. कधी कशाची तक्रार नाही, कपाळावर कधी आठी नाही. धरणीसारखी सोशिक. लोक माना डोलवत होते. शेजारीण म्हणाली की तिला मी कधी बसलेली पाहिलीच नाही, आणि हे तिनं अशा कौतुकानं सांगितलं, की ठिणगीला तिच्या हातातला कप काढून घ्यावासा वाटला. बसलेली पाहिली नाही ही काय कौतुकाची गोष्ट झाली? खुर्ची द्यायची होतीस एखादी.

मग काका उठले. मऊ आवाजात बोलले. वडिलांनी उजाड माळाचं शेत केलं, एकेक दगड वेचून हा बांध रचला, आणि आईनं त्यांना साथ दिली.

साथ. तबलजी गवयाला देतो ती. ठिणगीनं दातांवर दात रोवले.

आजोबांना बांधावर हात ठेवून उभं राहायला आवडायचं, एवढं खरं. रस्त्यानं जाणारा म्हणायचा, काय सुरेख बांध घातलाय हो तुम्ही, आणि आजोबा मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचे, "चालायचंच." आयत्या पिठावर रेघोट्या. आजी तेव्हा मागं चारा कापत असायची. तिलाही ऐकू जायचं. ती त्या दिवशी आणखी एक दगड आणायची, एवढंच.

मंडळी बांधाकडे निघाली. दोघांनी फरशी पोत्यासकट उचलून आणली आणि गवतात आडवी ठेवली. गवंड्यानं वरच्या दोन-तीन ओळी उतरवल्या होत्या आणि बांधाला एक खिंडार पडलं होतं, पुढचे दात पाडल्यासारखं. उतरवलेले दगड गवतात इतस्ततः पडले होते. गवंडी घाम पुसत म्हणाला की हे काम कुणा हट्टी माणसाचं दिसतंय, एकही दगड सुखासुखी निघत नाही. लोक हसले. काकाही हसले आणि म्हणाले, "आमचे वडील होतेच तसे."

तेव्हा ठिणगी पुढं झाली आणि पोत्यावर, बरोबर मधोमध, जाऊन बसली.

"उठ गं," काका हळूच म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू देत की. त्यासाठीच तर बोलावलंय त्यांना." आणि मग तिनं डेपोत हाक मारावी तशा मोकळ्या आवाजात विचारलं, "काका, हा बांध कुणी घातला?"

काका म्हणाले की हा काय प्रश्न झाला, सगळ्या गावाला ठाऊक आहे. मास्तरांनी मान हलवली. ठिणगी उठली. गवतात पडलेला एक लांबट, राखाडी दगड तिनं पायानं दाखवला. आजी त्याला कुट्टीचा दगड म्हणायची. चारा कापायच्या यंत्रात तिची दोन बोटं गेली त्या दिवशीचा. घरात रक्ताचा सडा, आणि आजोबांनी दारातून विचारलं होतं की आता संध्याकाळचं दूध कोण काढणार. तिनंच काढलं, एका हातानं. फडकं बांधलेला हात वर धरून, डोकं गाईच्या पोटाला टेकवून. आणि जखम भरल्यावर पहिलं काम केलं ते हा दगड आणायचं.

तिची ती दोन आखूड बोटं सगळ्यांनीच पाहिली होती. चहा देताना कपाला धरलेली.

"हा छोटा, पांढरा," ठिणगी म्हणाली, "रेडिओवर हवामान सांगणाऱ्याचा. कोरडं राहील म्हणाला आणि वाळत घातलेल्या मिरच्या भिजल्या. आणि मास्तर, तुमचाही एक आहे. तिकडं कोपऱ्यात. माझं नाव शाळेत घालायला आली तेव्हा तुम्ही विचारलंत, सही येते की अंगठा लावताय? तिला सही येत होती. फार वळणदार यायची."

मास्तरांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला.

हे सगळं तिला ठाऊक असायचं कारण म्हणजे मागचा उन्हाळा. आजीला आता उचलवत नव्हतं. रजा घेऊन आलेल्या नातीच्या खांद्यावर हात ठेवून ती बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत काठी टेकत चालायची आणि काठीनं दगडाला टकटक करून सांगायची, हा अमक्याचा, हा तमक्याचा. ठिणगीनं तिला चिडवलं होतं, की अगं, माणसाला सांगायचं नाही हा तुझाच नियम ना? आजी म्हणाली, "तू कुठं माणूस? तू माझी नात." थोडं चालल्यावर म्हणाली, "सांगून ठेवते. मी गेले की नुसते दगड राहतील."

आता खिंडाराशी उभं राहून ते आठवलं आणि ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचाही तिला राग आला.

काकांचा चेहरा लालबुंद झाला होता. म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी, ते म्हणत होते. शेवटी शेवटी तिला भ्रम व्हायचा, काही काय बोलायची.

"भ्रम नाही." हा आवाज आत्याचा होता.

आत्या ही काकांची थोरली बहीण. गुडघ्यांमुळं खुर्ची सोबत घेऊन आलेली, इतका वेळ मुकाट बसलेली. ती उठली, बांधाला धरत धरत गेली आणि एका तांबूस, चपट्या दगडावर हात ठेवला. "हा माझा. मी लपून ऐकलं होतं. माझं नाव घेऊन दगडावर हात आपटत होती. पुढचं ऐकायच्या आधीच मी पळाले. जन्मभर वाटत राहिलं, माझं काय चुकलं होतं म्हणून."

"तुझं नाही गं चुकलं." ठिणगीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तुझी शाळा सोडवली त्या दिवशीचा आहे तो. तुझ्यावरचा नाही. तुझ्यापायी आजोबांवरचा. मला म्हणाली, पोरीला शिकू द्या एवढं तोंडानं म्हणता आलं नाही, म्हणून सगळ्यात जड दगड घेतला, आणि तोही पुरला नाही."

आत्यानं दगडावरचा हात काढला नाही. पाठमोरीच उभी राहिली. मग तशीच, न वळता, भावाला म्हणाली, "अरे, आपल्या दोघांनाही माहीत होतं. आपण लहान असताना बघायचो खिडकीतून. पोटाशी दगड धरून जाणारी. तूच म्हणायचास, आई गेली बघ दगड घेऊन, आज जेवण उशिरा."

म्हणजे माहीत होतं. ठिणगीला इतका वेळ वाटत होतं की ती आंधळ्यांना दाखवतेय. तर हे डोळस निघाले. खिडकीतून बघत होते. आणि तोंड मिटून मोठे झाले, म्हातारे व्हायला आले, आणि आज फरशी कोरून आणली. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"मग असं का कोरलंत?" तिनं विचारलं.

काकांनी खिंडाराकडे पाहिलं. मग मघाचा भाषणातला मऊपणा सोडून, कोरड्या आवाजात म्हणाले, "बाबांनी बांधला म्हटलं की लोक म्हणतात, वा. आईनं बांधला म्हटलं तर लोक विचारतील, का बांधला?"

वारा सुटला होता. गवंडी पहार टेकून उभा होता, आपण ऐकावं की लांब जावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

ठिणगीनं गवतातल्या दगडांत शोधलं. तो तिथंच होता, काळसर, एका बाजूला पांढरी रेघ असलेला. पहारीनं कड उडाली होती. तिनं तो उचलला, पोटाशी धरला, आणि काकांच्या पायांशी आणून ठेवला.

"हा तुमचा."

काका त्या पांढऱ्या रेघेकडे बघत राहिले.

"तुम्ही शिकायला होता. मित्र घेऊन आला होता. ती डोक्यावर चारा घेऊन, चिखलानं भरलेली, अंगणात आली. मित्रानं विचारलं ही कोण. तुम्ही म्हणालात, कामाला असते."

अगदी हळू काकांनी विचारलं, "तिनं ऐकलं होतं?"

"तुमच्या मित्राला पाणी नेऊन दिलं तिनं. खाली मान घालून, कामाला असल्यासारखं. तुमचं खोटं उघडं पडू नये म्हणून."

काका खाली बसले. गवतातच बसले, नव्या पँटची पर्वा न करता. एखादीला दया आली असती. ठिणगीलाही आली, पण दया आली म्हणून राग गेला नाही. तो उलट पसरला. काकांवरून आजोबांवर गेला, मास्तरांवर, त्या न दिलेल्या खुर्चीवर, आणि फिरून फिरून आजीवर येऊन थांबला. तूही गं. तू दगडाला सांगितलंस आणि हे सगळे मोकळे झाले. ह्यांच्या उंबऱ्यात एक जरी आपटला असतास! मला पोटाशी घेतलंस, माझ्या पायांना ऊब दिलीस, आणि मला गप्प बसायची तीच रीत शिकवलीस. रागाला जागा दिलीस, वाट दिली नाहीस. आणि आता भांडायला तू नाहीस. कुणाशी भांडू?

गवंड्यानं घसा खाकरला. फाटकाचं काय करायचं, त्यानं अंदाजानंच विचारलं, कारण नेमकं कुणाला विचारावं ते कळेना. काकांनी नुसता हात हलवला. आज नाही, असा त्याचा अर्थ असावा. पुढं कधी नाही असा तो होता की नाही, कुणास ठाऊक.

ठिणगीनं फरशीवरचं पोतं ओढून काढलं आणि फरशीच्या एका टोकाला हात घातला. ती एकटीला उचलेना. तिनं कुणाला बोलावलं नाही. आत्याच लंगडत आली.

"तुझे गुडघे," ठिणगी म्हणाली.

"गुडघ्यांना काय विचारतेस, उचल," आत्या म्हणाली.

दोघींनी मिळून ती खिंडारापर्यंत नेली. एकदा मध्ये टेकवली, पुन्हा उचलली. आत्या काय पुटपुटत होती ते ठिणगीला आधी कळलं नाही. मग कळलं. सांगते दगडाला, दगड ऐकून घेतो. सूर चुकत होता, पण शब्द सगळे बरोबर होते. खिडकीतून नुसतं पाहिलं नव्हतं तर तिनं.

फरशी आडवी बसवली. अक्षरं खाली, पाठ वर.

"अक्षरं दिसणार नाहीत," काका बसल्या जागेवरून म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. सवयीनं म्हणाले, काम नीट होत नसलं की म्हणायचे तसं.

"तिचं आख्खं आयुष्य दिसलं नाही," आत्या म्हणाली. "बाबांची अक्षरं राहू देत थोडी."

ठिणगीनं गवतातले दगड एकेक करून फरशीवर रचले. कुट्टीचा, हवामानवाल्याचा, बाकीचे. मंडळींपैकी कुणी निघून गेलं नाही. कुणी मदतीलाही आलं नाही. शेजारणीनं एक दगड उचलून पुढं केला, तो ठिणगीनं न बोलता घेतला. पांढऱ्या रेघेचा तेवढा काकांच्या पायांशीच राहिला. तो तिनं मुद्दाम राहू दिला.

मग तिनं सगळ्यात वरचा दगड हलतो का ते बघितलं. नाही हलला. तिनं तळहात उगारला आणि आपटला. कातडी सोलली. आजीसारखा खरखरीत हात नव्हता तिचा, स्टिअरिंगनं फक्त बोटांची पेरं निबर झालेली.

"काका," ती म्हणाली. दगडाला नाही, दगडाकडं बघूनही नाही. "माझी आजी ह्या घरात कामाला नव्हती."

दगडाला सांगून झालं की पदराला हात पुसून घरी जायचं आणि भांडी घासायची, हा आजीचा नियम. ठिणगी गेली नाही. सोललेला हात तसाच धरून, काकांच्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट बघत ती तिथंच उभी राहिली.